ग्वाल्हेरच्या लष्करातल्या घराचं छत: दगडी पटिया, स्लॅब, पत्रा की कौलं? खर्चासकट प्रश्नोत्तरं

मी पंचवीस वर्षं ग्वाल्हेरात घरबांधणीच्या कामांवर देखरेख करतो. लष्कर या शहराच्या भागातल्या गोठींमधली, म्हणजे वस्त्यांमधली जुनी घरं, कंपूकडची मधली आणि मुरारपलीकडची नवी, अशी तिन्ही तऱ्हेची छतं पाहिली आहेत. गणपतीत आरती आटोपली की कुणीतरी काकू बाजूला बोलावून विचारतातच, "अरे, आमची मागची खोली गळते, काय करू?" तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

भाव महिन्यागणिक हलतात, पण माल किती लागतो हे हलत नाही. म्हणून जमेल तिथे आधी माल सांगितला आहे आणि मग रुपये. रुपयांचे आकडे ढोबळ समजा. मालाचे आकडे घेऊन तुम्ही दुकानदाराशी बोलू शकता.

सगळ्यात स्वस्त छत कोणतं?

सगळे म्हणतात पत्र्याचं. नुसत्या पत्र्याचा भाव पाहिला तर ते खरंही आहे. पण पत्रा हवेत तरंगत नाही, त्याला सांगाडा लागतो, आणि पैसे खरे तिथे जातात.

600 चौरस फुटांचं उदाहरण घेऊ. अर्धा मिलिमीटर जाडीचा नालीदार पत्रा एका चौरस फुटाला साधारण 450 ग्रॅम भरतो. एकमेकांवर चढणारा भाग आणि भिंतीबाहेरची वळचण धरली तर 680 चौरस फूट पत्रा लागतो, म्हणजे 300 किलोच्या आसपास. किलोला 80 ते 90 रुपये धरले तर हे 25 हजारांत बसतं. आता सांगाडा. भिंती आधीच उभ्या असतील आणि खोल्यांची रुंदी दहा-बारा फूट असेल, तरी चौरस फुटाला एक किलो लोखंडी पाइप धरावाच लागतो. 600 किलो पाइप, कापणं, वेल्डिंग, प्रायमर आणि चढवणं मिळून 60 ते 70 हजार होतात. स्क्रू, कडेची पट्टी आणि पन्हळ यांचे वेगळे. सगळं लाखाच्या जवळ जातं, चौरस फुटाला 160 रुपयांच्या घरात.

खांबही नवे उभे करायचे असतील तर लोखंड दुप्पट लागतं. मग पत्र्याचं छत स्लॅबला गाठतं, कधी मागेही टाकतं. "पत्रा 40 रुपये फूट" असं कुणी सांगितलं तर त्याला सांगाड्याचं वजन विचारा.

तेवढ्याच स्लॅबला काय लागतं?

पाच इंची स्लॅब, 600 चौरस फूट, म्हणजे 250 घनफूट काँक्रीट, किंवा साधारण 7 घनमीटर. सिमेंट, रेती आणि गिट्टी (खडी) यांच्या 1:1.5:3 या प्रमाणाला घनमीटरमागे 8 पोती सिमेंट धरतात, म्हणून 57 पोती. रेती सुमारे 105 घनफूट, गिट्टी 210 घनफूट. सरिया, म्हणजे सळई, चौरस फुटाला एक किलोच्या आसपास, म्हणजे 600 किलो. बीम वेगळे.

सिमेंटचे 20-21 हजार, सरियाचे 36 ते 40 हजार, रेती-गिट्टीचे मिळून 14-15 हजार, आणि शटरिंग, सरिया बांधणं व लेंटर (स्लॅबचं काँक्रीट) टाकण्याची मजुरी 40 ते 48 हजार. एकूण 1 लाख 10 हजार ते 1 लाख 25 हजार. चौरस फुटाला 180 ते 210 रुपये झाले. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे. जुन्या कोटेशनवर काम चालू असेल तर तेवढा फरक मागून घ्या.

यात खालचं प्लास्टर आणि वरचा कोबा धरलेला नाही, आणि नेमका तिथेच घरमालक फसतो. नुसता लेंटर म्हणजे पुरं छत नव्हे. प्लास्टर 30 ते 35 रुपये फूट आणि कोबा किंवा वॉटरप्रूफिंग 60 ते 100 रुपये फूट, हे पहिल्या दिवसापासून हिशेबात ठेवा. पूर्ण स्लॅब मग 270 ते 345 रुपयांच्या घरात जातो.

आमच्याकडे आजोबांच्या वेळचं गाटर-पटियाचं छत आहे, म्हणजे लोखंडी तुळयांवर दगडी फरश्या. पाडून स्लॅब टाकू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि उत्तर देताना मी प्रत्येक वेळी काळजीत पडतो. आपल्या गावात पाडण्याची घाई फार आहे.

ग्वाल्हेर वालुकाश्माचं गाव. किल्ल्याच्या डोंगरापासून गल्लीतल्या पायरीपर्यंत सगळीकडे तोच दगड. त्याच्या थरांतून सपाट पटिया निघते, म्हणून इथे पाटौरी, म्हणजे पटियांच्या छताच्या खोल्या, झाल्या. कोकणात जशी कौलं, तशी आपल्याकडे पटिया. दगड गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, उन्हानं तो विटत नाही. शंभर वर्षांची पटिया मी उतरवून पुन्हा चढवली आहे. उतरवल्यावर टिचकी मारली तर घंटेसारखी वाजली.

खराब होतो तो गाटर. त्यातही मधला भाग क्वचितच, भिंतीत शिरलेलं टोक बहुतेकदा. भिंतीत ओल मुरते, टोक गंजतं, गंजलेलं लोखंड फुगतं आणि आजूबाजूचा दगड फोडतं. खालून पाहणाऱ्याला गाटर ठणठणीत दिसतो.

आमच्या स्वतःच्या घरात हेच झालं. मागच्या खोलीचा गाटर दर दिवाळीला रंगवला जायचा, चकचकीत दिसायचा. एका श्रावणात रात्रभर पाऊस पडला आणि पहाटे एक पटिया मधोमध तुटून खाली आली. आई पाच मिनिटांपूर्वी चहा ठेवायला उठली होती, तिची उशी दगडाखाली सापडली. तेव्हापासून मी कुठल्याही पाटौरीत शिरलो की आधी गाटराच्या टोकांकडे पाहतो, रंगाकडे नाही.

म्हणून आधी तपासणी करा. प्रत्येक गाटराच्या दोन्ही टोकांशी भिंतीचं प्लास्टर वीतभर खरवडा. छन्नीनं गंज काढा आणि शिल्लक लोखंड मोजा. पटियांवर खालून टॉर्च तिरपा धरा, भेग असेल तर सावलीची रेघ दिसते. लाकडी दांड्यानं ठोका: भरीव आवाज आला तर ठीक, भसका आला तर ती पटिया बदलायची. टोकं चांगली आणि पटिया शाबूत असतील तर छत पाडू नका. वरची जुनी माती आणि चुन्याचा थर काढून नवा हलका थर आणि कोबा करा, सांधे भरा. पाडून नव्यानं करण्याच्या निम्म्यापेक्षा कमी पैशांत काम होतं.

फक्त गाटर गेले असतील तर पटिया उतरवा, नंबर घाला, नवे गाटर टाकून त्याच पटिया पुन्हा बसवा. सहा इंची गाटर मीटरला 15 किलो भरतो. दहा फूट रुंदीच्या खोलीला दोन गाटर लागले तर भिंतीतल्या टोकांसकट शंभर किलो लोखंड, म्हणजे सात-आठ हजार रुपये. भिंतीत जाणाऱ्या टोकांना दोन हात गंजरोधक रंग आणि खाली काँक्रीटचा ठोकळा, एवढं मात्र करून घ्या.

मग नवीन खोलीसुद्धा पटियाचीच बांधावी का?

नाही, आणि हे मी पटियावर जीव असूनही सांगतो. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. सळईचं काँक्रीट निकामी होण्याआधी वाकतं, भेगा दाखवतं, पोपडे पाडतं, म्हणजे सांगून जातं. पटिया न सांगता तुटते. शिवाय प्रत्येक पटिया सुटी असते. स्लॅब चारही भिंतींना एकत्र बांधून ठेवतो, पटिया ठेवत नाही. वर मजला चढवायचा असेल तर प्रश्नच मिटला. नव्या कामात स्लॅब घ्या, जुनं चांगलं असेल तर जपा.

जुन्या भिंतींना स्लॅबचं वजन झेपेल का?

लोकांना वाटतं पटिया हलकी आणि लेंटर जड. मोजून पाहू. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला 310 किलोच्या आसपास. दोन इंची पटिया 120 किलो, पण तिच्यावर आपल्या पूर्वजांनी चार इंच माती-चुना घातलेला असतो, त्याचे 160 ते 180. बेरीज जवळजवळ तीच. एका छताच्या जागी दुसरं छत एवढाच बदल असेल तर साबूत दगडी भिंतीला सहसा अडचण येत नाही.

अडचण येते ती छताच्या जागी छत आणि वर आणखी एक खोली असा बेत असला की. मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या भिंतीवर दुसरा मजला चढवू नका. गोठींमधल्या घरांची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असते, तेव्हा वजन त्यांच्याही घरावर जातं. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी द्या आणि शेजाऱ्यांना विश्वासात घ्या.

छताची ताकद कशी तपासतात? जयविलासची हत्तींची गोष्ट खरी का?

1874 साली जयाजीराव महाराजांनी जयविलास महाल बांधला. दरबार हॉलमधली दोन झुंबरं साडेतीन-साडेतीन टनांची, आणि ती टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिले, ही गोष्ट लष्करात प्रत्येक मुलानं ऐकलेली असते. ती खरी की नाही हे मी सांगू शकत नाही, पण त्यामागची रीत आजही तीच आहे. शंका असलेल्या स्लॅबवर वजन ठेवून वाक मोजतात. काँक्रीटच्या कामाच्या भारतीय मानक 456 प्रमाणे ठरलेल्या वापरातल्या भाराच्या सव्वापट वजन 24 तास ठेवायचं असतं. वावरत्या गच्चीसाठी तो भार चौरस मीटरला 150 किलो धरतात.

हाच आकडा घेऊन पाण्याच्या टाकीकडे पाहा. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, जेमतेम एका चौरस मीटरवर. ती गच्चीच्या मधोमध ठेवलेली दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. टाकी भिंतीच्या किंवा बीमच्या डोक्यावर ठेवा. पटियावर तर कधीच नको.

कौलं घालू का? फार सुंदर दिसतात.

दिसतात खरी. आजोळ रत्नागिरीचं असलेल्या प्रत्येक घरात हा प्रश्न निघतो. मंगलोरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशननं 1865 मध्ये मंगळुरात काढला आणि तिथून हे कौल सगळीकडे गेलं. हिशेब असा: चौरस मीटरला 15-16 कौलं, म्हणजे 600 चौरस फुटांच्या उतरत्या छताला 900 धरा. एक कौल अडीच ते तीन किलोचं. कौल 25 ते 50 रुपयांना, प्रतीप्रमाणे. कैच्या, वासे आणि रिपा लाकडाच्या केल्या तर आज लाकूडच कौलांच्या कितीतरी पट महाग पडतं. लोखंडी सांगाड्यावर केलं तर स्लॅबच्या आसपास येतं.

उतार किमान 25 अंश हवा, म्हणजे गच्ची गेली. ग्वाल्हेरात गच्ची जाणं ही छोटी गोष्ट नाही. पापड, कुरडया, लोणच्याच्या बरण्या, मे महिन्यातल्या रात्रीची झोप, सगळं तिच्यावर.

आणि माकडं. किल्ल्याच्या बाजूच्या वस्त्यांत टोळी एका फेरीत कौलं सरकवून जाते. वर्षातून दोनदा शाकारणी करणारा माणूस कोकणात मिळतो, इथे मिळत नाही. कौलांची हौस असेल तर व्हरांड्यावर किंवा दारावरच्या पडवीवर घाला.

त्यापेक्षा चांगला उपयोग वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी दाखवला. स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथे जुनी कौलं जोडीजोडीनं भरायची. त्याला फिलर स्लॅब म्हणतात. काँक्रीटचा पाचवा हिस्सा किंवा अधिक वाचतो, मधली हवा ऊन अडवते आणि खालून कौलांची नक्षी दिसते. मात्र आराखडा इंजिनिअरकडूनच घ्या. मिस्त्रीच्या अंदाजावर हे काम करू नये.

सिमेंटचे पत्रे फारच स्वस्त मिळतात. चालतील?

मी लावत नाही आणि कुणाला लावूही देत नाही. सिमेंटचा नालीदार पत्रा म्हणजे बहुतेक वेळा एस्बेस्टॉस. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात धरते. साठाहून अधिक देशांत बंदी आहे, आपल्याकडे मात्र विक्री चालू आहे. पत्रा शाबूत असताना धोका कमी. तो कापताना, भोकं पाडताना, किंवा माकडाच्या उडीनं फुटल्यावर बारीक तंतू हवेत उडतात. ते फुप्फुसात बसतात आणि आजार दहा-वीस-तीस वर्षांनी दिसतो.

घरावर आधीच असेल तर घाबरून तोडफोड करू नका. बदलायचाच असेल तेव्हा पाण्यानं पूर्ण भिजवा, अख्खा उतरवा, मास्क लावा, मुलांना दुसरीकडे पाठवा. तुकडे अंगणात भरावाला वापरू नका. आता एस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचे पत्रे मिळतात. घ्यायचेच असतील तर बिलावर तसं लिहून घ्या.

उन्हाळ्यात सगळ्यात गार छत कोणतं?

खरं तर पहिला प्रश्न हाच असायला हवा होता. ग्वाल्हेरात पाऊस जेमतेम तीन महिने, पण एप्रिलपासून ऊन भाजतं. पारा 45 च्या पुढे जातो, लू वाहते, संध्याकाळी धुळीची आंधी. तरी छत निवडताना लोक फक्त गळतीचा विचार करतात. दोन मजली घरात वरच्या मजल्यावरचे आजी-आजोबा मेमध्ये खाली येऊन दिवाणखान्यात झोपतात. असं घर मी पूर्ण झालेलं मानत नाही.

प्रत्येक छताचा स्वभाव वेगळा. पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो आणि सूर्य बुडल्यावर तासाभरात निवतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खोलीत सोडतो, म्हणून रात्री अकरालाही पंखा गरम वारा फेकतो. पटिया, माती आणि चुना अशी जाड छतं दुपार सुखाची करतात, पण ऊन तीही साठवतात. आपले पूर्वज दुपारी आत आणि रात्री गच्चीवर झोपत, त्यामुळे त्यांना ते छत बरोबर पडे. आपण रात्री खोली बंद करून झोपतो.

उपाय स्वस्तापासून महागाकडे सांगतो.

चुना. विरवलेला चुना, त्यात थोडा डिंक किंवा फेविकॉल, तीन हात. घरच्यांनी मारला तर चौरस फुटाला दोन-तीन रुपये. दर वर्षी होळीनंतर मारायचा, पावसात तो धुऊन जातो. पांढऱ्या छतावर ऊन परत फिरतं आणि खालची खोली दोन ते पाच अंशांनी गार राहते. अहमदाबादेत यासाठी 2017 पासून मोहीम आहे आणि तेलंगणानं 2023 मध्ये गार छतांचं धोरणच काढलं. सहाशे फुटांच्या गच्चीला दीड-दोन हजारांत इतकं सुख दुसऱ्या कुठल्याही मालात नाही. अंगात ताकद असेल त्यानं येत्या रविवारीच मारावा.

टिकाऊ हवं असेल तर परावर्तक रंग, दोन हातांचे 15 ते 25 रुपये फूट. धूळ बसली की परिणाम उतरतो, म्हणून आंधीनंतर गच्ची झाडून धुवा. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, जिला चायना मोझॅक म्हणतात, ती ऊनही परतवते आणि पाणीही अडवते. चांगला कारागीर मिळाला तर माझी पहिली पसंती तिलाच.

त्याच्या वरची पायरी म्हणजे कोब्याखाली एक इंच जाडीचा कडक फोम, ज्याला एक्सपीएस म्हणतात. केंद्राच्या इको निवास संहिता 2018 मध्ये घराच्या छतातून उष्णता आत येण्याची मर्यादा 1.2 घातली आहे. एकक चौरस मीटरला, अंशाला वॉट. उघडा स्लॅब तिच्या अडीच-तीनपट उष्णता आत सोडतो. हा एक इंच फोम त्याला मर्यादेच्या आत आणतो. नवीन घर असेल तर कोबा करण्यापूर्वीच घाला, नंतर घालायला कोबा फोडावा लागतो. उलटी मडकी मांडून त्यावर कोबा करण्याची जुनी रीतही चांगली आहे, पण ती मांडणारे हात आता थोडे राहिले आहेत.

पफ पॅनल कसं?

दोन पत्र्यांच्या मध्ये फोम. 50 मिलिमीटरचं पॅनल 130 ते 180 रुपये फूट, सांगाडा वेगळा. गच्चीवर हलकी खोली काढायची असेल तर उत्तम. चौरस मीटरला जेमतेम दहा-बारा किलो वजन, ऊन अडतं, पावसाचा ताशा ऐकू येत नाही. साध्या पत्र्याच्या खोलीत मेमध्ये माणूस बसू शकत नाही, हिच्यात बसतो. फोम जळतो, म्हणून वायरिंग पाइपातूनच न्या आणि चूल किंवा भट्टी हिच्याखाली ठेवू नका.

पत्रा आंधीत उडू नये म्हणून काय करावं?

आंधी पत्र्याला दाबत नाही, वर ओढते, आणि सगळ्यात जास्त कडा आणि कोपऱ्यांवर. तिथे स्क्रू दुप्पट हवेत. स्क्रूखाली रबराचा वॉशर, लाटेच्या माथ्यावर स्क्रू. विटा आणि टायर ठेवून काम भागवू नका, आंधीत तेच खाली कुणाच्या डोक्यावर येतात.

गळती कायमची कशी थांबेल?

आधी पाणी थांबतं कुठे ते पाहा. गळणाऱ्या दहा गच्च्यांपैकी बहुतेकींत दोष मालात नसतो, उतारात असतो. शंभर फुटांत एक फूट इतका उतार हवा आणि साधारण 400 चौरस फुटांमागे एक चार इंची पाइप. पहिल्या पावसानंतर अर्ध्या तासानं वर जा आणि जिथे डबकं दिसेल तिथे खडूनं गोल काढा. दुरुस्ती तिथून सुरू करायची. नंतर कठड्याचा आणि गच्चीचा कोन. तिथे सिमेंटची गोलाई हवी, कारण काटकोनात भेग पडतेच.

विटांच्या तुकड्यांचा कोबा जुना आणि भरवशाचा, पण जड: चौरस मीटरला दोनशे किलो. एका कोब्यावर दुसरा कोबा, त्यावर तिसरा, अशी घरं मी पाहिली आहेत. खालचा स्लॅब वाकायला लागतो. जुना काढा, मगच नवा करा. पातळ रासायनिक लेप हलके असतात, पण उघड्या उन्हात पाच-सात वर्षांत तडकतात. त्यांच्यावर संरक्षण हवंच.

रेती कुठली घ्यावी? चंबळची स्वस्त सांगतात.

घेऊ नका. राष्ट्रीय चंबळ अभयारण्यातला रेतीउपसा बेकायदा आहे. तिथल्या वाळूच्या किनाऱ्यात घडियाल अंडी घालतात आणि जगात उरलेल्या घडियालांतले बहुतेक याच नदीत आहेत. रात्री ट्रॉलीतून येणाऱ्या रेतीची पावती मिळत नाही. पावती नसेल तर ती रेती तुमच्या छतात नको. पावतीची नदीची रेती किंवा दगड दळून केलेली एम-सँड घ्या. मूठभर रेती काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर ट्रक परत पाठवा.

तराई (काँक्रीट ओलं ठेवणं) किती दिवस आणि सेंटरिंग (खालचे टेकू) कधी काढायचं?

मानकात साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, राखमिश्रित पीपीसीला किमान 10. आपल्या कोरड्या हवेत 14 दिवस धरा, कारण बाजारातलं बहुतेक सिमेंट पीपीसीच असतं. गच्चीवर मातीच्या छोट्या पाळी घालून पाणी साठवा. दिवसातून दोनदा पाइप फिरवणं म्हणजे तराई नव्हे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (दोन आधारांमधल्या अंतराचे) टेकू 7 दिवसांआधी काढू नयेत, त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवसांआधी नको.

एका ओळखीच्या घरात ठेकेदारानं पाचव्या दिवशी टेकू उचलले, कारण त्याला ते दुसऱ्या साइटवर हवे होते. स्लॅब पडला नाही, पण मधोमध वाकला. आज पंधरा वर्षांनीही त्या गच्चीवर तिथेच पाणी साचतं. मे-जूनमध्ये लेंटर टाकायचाच असेल तर पहाटे सुरू करा आणि उन्हाआधी संपवा. खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

सोलर बसवायचं आहे. छत कोणतं हवं?

एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा आणि चौरस मीटरला 15 ते 20 किलो वजन. स्लॅबला हे काहीच नाही. पत्र्याच्या सांगाड्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. पटियाच्या छतावर भोकं पाडू नका, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड ठेवा आणि ठोकळे भिंतीच्या रेषेत घ्या. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला 30 हजार आणि तीन किंवा अधिकला एकूण 78 हजार अनुदान आहे. पॅनलची सावलीही गच्चीला गार ठेवते.

छतावरचं पाणी साठवावं का?

एक मिलिमीटर पाऊस 600 चौरस फुटांवर 55 लिटर पाणी देतो. 700 मिलिमीटरचं वर्ष धरलं आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी तीस हजार लिटर. तिघरा धरण खाली गेलं की नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा हे पाणी आठवतं. पहिल्या पावसाचं सोडून द्या. एस्बेस्टॉसच्या छतावरचं घेऊ नका.

वीस वर्षांचा हिशेब धरला तर?

मग चित्र उलटं होतं. पत्रा पंधरा-वीस वर्षांत एकदा बदलावा लागतो, त्याआधी वॉशर वाळून गळती सुरू होते, आणि खोली राहण्याजोगी करायला फोम किंवा कूलरचा खर्च. स्लॅबला दर सात-आठ वर्षांनी लेप आणि दर वर्षी चुना. चांगल्या पटियाला गाटराच्या टोकांची देखभाल आणि सांध्यांची डागडुजी. माझ्या पाहण्यात सगळ्यात कमी पैसे दुरुस्त केलेल्या जुन्या पाटौरीवर गेले आहेत, आणि सगळ्यात जास्त "सध्या तात्पुरता पत्रा टाकू" म्हणणाऱ्यांचे.

ठेकेदाराकडून काय लिहून घेऊ?

स्लॅबची जाडी, सरियाचा व्यास आणि दोन सळयांमधलं अंतर, सळईखालचं काँक्रीटचं 20 मिलिमीटर कव्हर आणि त्यासाठीचे ठोकळे, सिमेंटची पोती किती, टेकू कुठल्या तारखेला निघतील, उतार कुणीकडे, पाइप किती. पत्रा असेल तर कोटिंगसह जाडी आणि सांगाड्याचं वजन किलोमध्ये. शेवटचे दहा टक्के पैसे पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर द्यायचे, हेही त्याच कागदावर लिहा आणि खाली दोघांच्या सह्या घ्या. लेंटरच्या दिवशी कुणीतरी घरचं माणूस मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसू द्या, पोती मोजायला आणि पाण्याच्या बादल्या मोजायला. वहिनी, तुम्ही बसलात तर आणखी चांगलं. माझ्या पाहण्यातल्या सगळ्यात मजबूत गच्चीवर घरातल्या सूनबाई वही घेऊन सकाळी सहा ते दुपारी दोन बसून होत्या.